ॲलर्जीची गोळी घेऊन गाडी चालवली तर चालते का?

सेट्रिझिन असेल तर पहिल्या दिवशी तरी नका चालवू. कमी झोपेची म्हणतात खरी, पण कुणाला किती चढेल याचा नेम नाही. मी तर अर्ध्या गोळीतच आडवा होतो. एव्हिल किंवा क्लोरफेनिरामिन असेल तर किल्ली खुंटीलाच राहू द्या. त्यात एखादा पेग मारला असेल तर बोलायलाच नको.

पण नुसत्या झोपेचा प्रश्न असता तर मी लिहायला बसलो नसतो.

गेल्या दिवाळीत आमचे आण्णा (वय ७४) बांधावरचं गाजरगवत उपटून आले आणि शिंका सुरू झाल्या. दादा मेडिकलमध्ये गेला, ‘सर्दीची गोळी द्या’ म्हणाला आणि पट्टी घेऊन आला. दुकानदारानं काही विचारलं नाही, दादानंही सांगितलं नाही की आण्णांना प्रोस्टेटचं (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचं) औषध चालू आहे. दोन दिवसांत चार गोळ्या पोटात गेल्या. नाक कोरडं झालं, सगळे खूश.

रात्री दीड वाजता बघतो तर आण्णा मोरीच्या भिंतीला हात टेकून उभे. नळ सोडलेला, आणि लघवीचा थेंब नाही. बेंबीखाली हात लावला तर कलिंगडासारखं टणक. तालुक्याला नेलं, नळी घातली, पिशवीत ९०० मिली भरलं. जीव जरा थाऱ्यावर आल्यावर आण्णा पहिलं काय बोलले, तर ‘गायीला वैरण टाकली का?’

डॉक्टरांनी पट्टी उलटी करून वाचली. आत दोन औषधं: क्लोरफेनिरामिन आणि चोंदलेलं नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन. क्लोरफेनिरामिननं मूत्राशय ढिलं पडतं, फेनिलेफ्रिननं त्याचं तोंड आवळतं. वाढलेल्या प्रोस्टेटवर दोन्हींचा मार एकदम. हीच जोडी ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं पाकिटावर छापा म्हणून केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना बजावलं होतं. आणि आपल्याकडे ‘साधी सर्दीची गोळी’!

म्हणून प्रोस्टेट, काचबिंदू, किडनी यांपैकी काहीही असेल तर दुकानात आधी तोंड उघडा. ‘सर्दीची गोळी’ मागू नका, आत काय काय आहे ते वाचा. फेक्सोफेनाडिन या ॲलर्जीच्याच दुसऱ्या गोळीनं झोप बरीच कमी येते, पण ती पाण्याबरोबरच घ्या, फळांच्या रसाबरोबर घेतली तर नीट लागू पडत नाही. आणि हो, ओठ-जीभ सुजून श्वास लागला तर गोळी चघळत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. तिथे ॲड्रिनलिनचं इंजेक्शनच लागतं.

दादा अजून म्हणतो, ‘गोळीनं नाही, थंडीनं झालं.’ थंडीनंही लघवी अडू शकते, हे डॉक्टरही म्हणाले, तेवढं मान्य. पण थंडी आण्णांनी ७४ वेळा काढली, नळी याच वर्षी लागली. उरलेल्या सहा गोळ्यांची पट्टी दादानं घरी आल्या आल्या चुलीत टाकली. माझ्या मोबाइलमध्ये फोटो आहे.