वाचकांचे प्रश्न : रुळाच्या वरचे, रुळाच्या खालचे

प्रश्न : बातम्यांत कधी पेशमर्गा, कधी वायपीजी, कधी पीकेके, कधी एसडीएफ. सगळे कुर्दच ना? मग तुर्कस्तान एकाला दहशतवादी म्हणतो आणि दुसऱ्याशी तेलाचा व्यवहार करतो, हे कसं? (निवृत्त शिक्षिका, वाई)

उत्तर : बाई, असाच प्रश्न मी 1983 साली इराकातल्या किर्कुकच्या रस्त्यावर आमच्या ड्रायव्हरला विचारला होता. तेव्हा मी एका भारतीय कंपनीच्या कामावर सर्व्हेअर होतो. तो सुलेमानियाचा कुर्द. आम्ही त्याला 'काका' म्हणायचो आणि तो खूश व्हायचा, कारण त्यांच्यात काका म्हणजे भाऊ. साखरेचा खडा दातात धरून बशीतला चहा असा ओढायचा, की मला आमच्या गावच्या पारावरचे म्हातारे आठवत. राज्य सद्दामचं, म्हणून राजकारण बोलायचं झालं की आधी गाडीतला रेडिओ मोठा करी. म्हणाला, "माझा भाऊ तालबानींकडे, मेहुणा बारझानींकडे, मी कंपनीकडे. पगार तेवढा माझाच वेळेवर होतो."

कुर्द लोक इराक, तुर्कस्तान, सीरिया अशा देशांत विभागलेले. तालबानी आणि बारझानी हे इराकी कुर्दांचे पुढारी, दोघांचे पक्ष वेगळे, आणि पेशमर्गा ही त्या पक्षांची फौज. शब्दाचा अर्थ, मरणाला सामोरे जाणारे. एरबिलकडे बारझानी, सुलेमानियाकडे तालबानी. 1994 ते 1998 हे दोघे एकमेकांशीच लढले. 1996 साली तर बारझानींनी तालबानींना हुसकायला सद्दामचं सैन्य एरबिलमध्ये बोलावलं. हलब्जा या कुर्द गावात सद्दामच्या विषारी वायूने सुमारे 5 हजार कुर्द मारले गेले त्याला तेव्हा आठच वर्षं झाली होती! काकाचा भाऊ आणि मेहुणा त्या वर्षी कुठे उभे होते, कोण जाणे.

पीकेके ही तुर्कस्तानातली कुर्द संघटना. 1978 साली अब्दुल्ला ओजलान यांनी काढली, 1984 पासून तुर्की सरकारशी सशस्त्र लढली. वायपीजी ही सीरियातल्या कुर्दांची फौज, पण ओजलान यांनाच गुरू मानणारी. तुर्कस्तान आणि सीरिया यांच्यामधली सरहद्द बऱ्याच ठिकाणी म्हणजे चक्क जुना बगदाद रेल्वेचा रूळ आहे. 1921 साली फ्रेंच आणि तुर्क यांनी तो रूळच सीमा म्हणून धरला. तिथले कुर्द आजही स्वतःला रेषेच्या वरचे नाहीतर रेषेच्या खालचे म्हणवतात. सोयरीक दोन्हीकडे, पासपोर्ट वेगळे.

आता तुमचा खरा प्रश्न. 2014 च्या ऑक्टोबरात रुळालगतच्या, सीरियातल्या कोबानी गावाला इसिसने तीन बाजूंनी घेरलं होतं. चौथ्या बाजूला तुर्की रणगाडे टेकडीवर नुसते उभे. आत वायपीजी लढत होती. तिच्या मदतीला वरच्या बाजूचे कुर्द तरुण निघाले की तुर्की शिपाई त्यांना अडवत. महिनाअखेरीला मात्र त्याच तुर्कस्तानने इराकच्या सुमारे दीडशे पेशमर्गांना तोफांसकट आपल्या रस्त्याने कोबानीत जाऊ दिलं. गाव तेच, शत्रू तोच, दोघेही कुर्दच. फरक एवढाच, की बारझानींचं तेल किर्कुकच्या पाइपलाइनने तुर्कस्तानातल्या जेहान बंदरात जात होतं आणि वायपीजीचा गुरू तुर्कस्तानच्या इमराली बेटावर कैदेत आहे. अमेरिकी विमानांच्या माऱ्याखाली अखेर 26 जानेवारी 2015 ला कोबानी सुटलं.

पण यावरून पेशमर्गा भले आणि बाकीचे वाईट, किंवा उलट, असं धरू नका. कोबानीच्या दोनच महिने आधी, ऑगस्टात, इराकच्या सिंजारमधून पेशमर्गा रातोरात निघून गेले आणि तिथले यझिदी, म्हणजे वेगळा धर्म पाळणारे लोक, इसिसच्या तावडीत सापडले. डोंगरावर अडकलेल्यांना सीरियात उतरायची वाट करून दिली ती वायपीजी आणि पीकेकेने. एसडीएफ म्हणजे वायपीजीच्या भोवती अरब आणि इतर गट जमवून 2015 साली बांधलेली मोट. नाव बदला हे आम्हीच सुचवलं, असं अमेरिकेच्या एका सेनानीने पुढे जाहीरपणे सांगितलं. नाव बदलून तुर्कस्तान फसला नाही. त्याने 2018 मध्ये सीरियातल्या कुर्दांचं आफ्रिन घेतलंच. मे 2025 मध्ये पीकेकेने संघटना विसर्जित करत असल्याचं जाहीर केलं. जुलैत तिच्या 30 जणांनी बंदुका आगीत टाकल्या, त्या काकाच्याच सुलेमानियाजवळ.

प्रश्न : कुर्द बायकांच्या पलटणी खऱ्या, की फोटोपुरत्या? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : खऱ्या. वायपीजे म्हणजे वायपीजीची बायकांची फौज, तिची स्थापना 2013 ची, आणि सुलेमानियाच्या पेशमर्गांत तर 1996 पासून बायकांची तुकडी आहे. 2017 साली सीरियातलं रक्का शहर इसिसकडून घेण्याच्या मोहिमेतल्या प्रमुख सेनानींमध्ये रोजदा फेलात ही स्त्री होती. फोटो काढणाऱ्यांना मात्र वेणी घातलेली विशीतलीच पोरगी हवी असते. इसिसविरुद्धच्या लढाईत आपले सुमारे 11 हजार जण गेले असं एसडीएफने सांगितलं, त्यांत अशा मुलीही आहेत. तुझ्या प्रोजेक्टमध्ये एखादा फोटो कबरस्तानाचाही लाव.

प्रश्न : आमचे पणजोबा 'बसऱ्याच्या लढाईत' गेले ते परतले नाहीत. घरच्या एका कागदावर 'रासेलेन' असं लिहिलंय. कुर्दांच्या बातम्यांत 'रास अल-ऐन' ऐकलं. तेच का? (शेतकरी, ता. कोरेगाव)

उत्तर : तेच असावं, भाऊ. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या महायुद्धात, एप्रिल 1916 मध्ये, इराकातलं कुत-अल-अमारा पडलं तेव्हा इंग्रजांच्या हिंदी फौजेची पूना डिव्हिजन तुर्कांच्या हाती लागली. तीत 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि भारतीय शिपायांपैकी बऱ्याच जणांना रास अल-ऐनला जुंपलं. कामाला कुठे, तर त्याच बगदाद रेल्वेच्या रुळावर, ज्याची पुढे सरहद्द झाली. त्याच वर्षी तिथल्या छावण्यांत आर्मेनियन निर्वासितांची कत्तल चालू होती, आणि मारणाऱ्यांत काही स्थानिक मुसलमान टोळ्याही होत्या. कुर्द फक्त सोसणारेच, असं मानणाऱ्यांनी आर्मेनियनांच्या कत्तलींतला कुर्द टोळ्यांचा वाटा विसरू नये.

कुर्द या गावाला सरेकानिये म्हणतात. दोन्ही नावांचा अर्थ झऱ्याचं मुख. ऑक्टोबर 2019 मध्ये तुर्कस्तानने ते वायपीजीकडून घेतलं, आणि गावचे कितीतरी कुर्द पुढे कित्येक वर्षं तंबूत राहिले.

पणजोबांचं नाव बसऱ्याच्या स्मारकावर शोधू नका. तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावं आहेत, शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. कागदावर पलटणीचा नंबर दिसतो का बघा. 103, 110 की 117? पाठपोट फोटो काढून पाठवा, घडीच्या जागी शाई पुसट असेल तर कागद उन्हाकडे धरून.