रात्री पावणेदोनचा अलर्ट

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, ७१ टक्के. सात महिन्यांपासून पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं काम घरूनच करते. कुठल्या गोदामात कोणतं औषध शिल्लक आहे हे औषधांच्या दुकानदारांना शोधून देणारी त्यांची सेवा आहे आणि ही त्यातला ‘क्लाउडवरचा सर्च सांभाळते’. सर्च तर गूगल करतं, मग ही काय करते ते आम्हाला कळत नाही. महिन्यातला एक आठवडा रात्रीही फोन उशाशी ठेवावा लागतो. तिच्या बाबांना हे पसंत नाही. ते वीज कंपनीच्या उपकेंद्रात ऑपरेटर आहेत, पाळीची ड्युटी असते, घरी आल्यावर झोप हवी. गेल्या महिन्यात त्यांनी तिचा फोन अकराला बंद करून कपाटात ठेवला. त्या रात्री काहीतरी बिघडलं, सकाळी तिला कंपनीची बोलणी बसली, तेव्हापासून बापलेकीत अबोला आहे. माझा भाऊ आयटीत आहे. तो म्हणतो, हे सपोर्टचं काम, यात माणूस अडकतो, शिवाय क्लाउडवर आता सगळं आपोआप होतं. त्याच्या सल्ल्याने आम्ही डेटा सायन्सचा कोर्स ठरवला आहे. फी १ लाख ४० हजार, पहिला हप्ता २५ तारखेला. आमचा निर्णय बरोबर आहे ना?
— एक आई (नाव-गाव छापू नये)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना मी त्या कपाटापाशीच थांबले. टक्के, कोर्स, फी नंतर बघू. सात महिने पगार मिळवणाऱ्या मुलीचा फोन अकरा वाजता कपाटात जातो, दहावीतल्या पोराचा काढून घ्यावा तसा. आणि तुम्ही हे दोन वाक्यांत सांगून पुढे जाता. ‘काहीतरी बिघडलं’ म्हणता. ते ‘काहीतरी’ काय होतं, हे घरात कुणी तिला विचारलं का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

तुमच्या पत्राच्या पाठीमागे पेन्सिलने चार ओळी आहेत. अक्षर वेगळं आहे, म्हणजे पाकीट टाकायला तिच्याकडेच दिलं असावं. लिहिलंय : ‘संध्याकाळी डिस्क ९१ टक्के होती. पहिला अलर्ट पावणेदोनला आला. मला वीस मिनिटं लागली असती. फोन सातला हातात आला.’ बस, एवढंच. अडीच पानांच्या पत्रात तिच्या वाट्याला या चार ओळी, त्याही पाठीमागे.

तर ते ‘काहीतरी’ मी सांगते. गूगल जगभरातलं शोधतं, पण या कंपनीच्या कुठल्या गोदामात किती पाकिटं उरली आहेत ते त्याला कुठून कळणार? त्यासाठी कंपन्या स्वतःचं शोधयंत्र बसवतात. तिच्या वर्णनावरून ते इलास्टिकसर्च किंवा त्याचंच भावंड दिसतंय. (शाय बॅनन नावाच्या प्रोग्रॅमरची बायको लंडनला स्वयंपाकाचं शिक्षण घेत होती. तिच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून त्याने जे करायला घेतलं, त्यातूनच पुढे २०१० मध्ये इलास्टिकसर्च आलं. स्वयंपाकघरातून निघालेली गोष्ट आहे ही, तुम्हाला परकी वाटायला नको.) पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर, तशी सूची हे यंत्र आलेल्या प्रत्येक नोंदीची करत राहतं. सूची फार मोठी झाली की तिचे तुकडे करून वेगवेगळ्या सर्व्हरवर, म्हणजे दिवसरात्र चालू असणाऱ्या संगणकांवर, ठेवतात आणि प्रत्येक तुकड्याची एक प्रत दुसऱ्या सर्व्हरवर. या तुकड्यांना शार्ड म्हणतात.

या यंत्राला डिस्क, म्हणजे सर्व्हरची साठवणीची जागा, भरण्याच्या तीन खुणा मुळातच आखून दिलेल्या असतात. ८५ टक्क्यांना ते त्या सर्व्हरवर नवे शार्ड ठेवणं थांबवतं. ९० ला आहेत ते दुसरीकडे हलवू पाहतं. ९५ ला हात वर करतं : त्या सर्व्हरवर ज्या सूचीचा एखादा तरी तुकडा आहे तिच्यात फक्त वाचायचं आणि पुसायचं, नवं लिहायचं नाही. आता गंमत बघा. शोध बंद पडत नाही. दुकानदार औषध शोधतो, उत्तर येतं, ‘४० पाकिटं शिल्लक’. फक्त ते काल रात्रीचं असतं, कारण रात्रभर गोदामांनी पाठवलेल्या नोंदी दारातूनच परत गेलेल्या असतात. बंद पडलेलं यंत्र लगेच लक्षात येतं. हे चालू दिसतं आणि खोटं बोलतं. औषधाच्या धंद्यात हे ‘काहीतरी’ नव्हे.

यापुढचं तुमच्या यजमानांना वाचून दाखवा, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल. उपकेंद्रात दर तासाला लॉगशीट भरतात. डीपी जळते ती एका रात्रीत, पण तिच्यावरचा लोड महिनाभर वाढत असतो आणि शीट वाचणाऱ्याला तो दिसत असतो. तुमची लेक तेच वाचते : डिस्क, मेमरी, शोधाला लागणारा वेळ. तिच्या पडद्यावर सगळा डोलारा हिरवा, पिवळा किंवा लाल दिसतो. पिवळा म्हणजे एखाद्या तुकड्याची प्रत हरवली आहे, पण मूळ शाबूत आहे. लाल म्हणजे मूळच जागेवर नाही. लाइनमन खांबावर चढण्याआधी परमिट घेतो आणि तो उतरून परमिट परत देईपर्यंत कुणी लाइन चार्ज करत नाही, हे कशासाठी ते बाबांना सांगायला नको. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका थकलेल्या इंजिनीअरने आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत असं समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसला. चूक लक्षात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबी गेलं होतं. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, पण वेळेला एकही धड उपयोगी पडली नाही. त्याच दिवशी सहा तास आधी सहज काढलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावलं. कंपनीने हे सगळं स्वतःच जगाला सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत आहे. बाबा ज्याला परमिट म्हणतात ते त्या रात्री तिथे नव्हतं.

पावसाळ्यात रात्री दोनला फीडर ट्रिप झाला तर बाबांना फोन येतो ना? तो फोन तुम्ही कधी कपाटात ठेवलात? एकच काम, दोन पिढ्या. एकीच्या फोनला घरात ‘ड्युटी’ म्हणतात आणि दुसरीच्या फोनला ‘कटकट’. घरात मुलगा असता तर त्याचा फोन बंद झाला असता का, हे तुमचं तुम्हीच ठरवा. मी उत्तर मागत नाही.

आता तुमच्या भावाचं म्हणणं, ‘क्लाउडवर सगळं आपोआप होतं’. हा गैरसमज इतका पसरला आहे की त्यावर थोडं थांबते. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतलं भाड्याचं यंत्र. इमारत, वीज, थंडावा, बिघडलेलं मशीन बदलणं त्यांच्याकडे. आणखी पैसे मोजले तर शोधयंत्र बसवूनही मिळतं. अ‍ॅमेझॉनने अशी सेवा २०१५ मध्ये आणली, २०२१ पासून तिचं नाव ओपनसर्च सर्व्हिस आहे. तिथे दर तासाला आपोआप एक प्रत निघते आणि चौदा दिवस राहते. छानच आहे. पण सूचीचे तुकडे किती करायचे, कोणती नोंद किती दिवस ठेवायची, कुणाला काय दिसावं आणि बिल अचानक दुप्पट का झालं, हे बघायचं असतं गिऱ्हाइकालाच. रोज एक नवी सूची आणि प्रत्येकीचे पाच तुकडे, अशी मांडणी कुणीतरी पहिल्या दिवशी करून ठेवतो (जुन्या आवृत्त्यांत पाच हा आकडा आपसूकच यायचा, २०१९ च्या सातव्या आवृत्तीत तो एकवर आणला). वर्षाअखेर प्रतींसकट ३,६५० तुकडे होतात, प्रत्येकात चिमूटभर डेटा, आणि त्यांचा हिशेब ठेवता ठेवताच सर्व्हर दमतो. यात अ‍ॅमेझॉन काय करणार? भाड्याच्या घरात पाणी घरमालक देतो, पण नळ चालू ठेवून तुम्ही गावाला गेलात तर? कुलपाचंही तसंच. जुलै २०२० मध्ये पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे राहिलेले हजाराहून जास्त डेटाबेस कुणीतरी पुसत सुटलं होतं आणि मागे ‘म्याव’ एवढाच शब्द ठेवत होतं. क्लाउडवर नेलं म्हणून कुलूप आपोआप लागत नाही, ते कुणीतरी लावावं लागतं.

पण भावाचं दुसरं वाक्य मी झटकून टाकणार नाही. सपोर्टमध्ये अडकलेली माणसं मी डोळ्यांनी बघितली आहेत. तिकीट, म्हणजे आलेल्या तक्रारीची नोंद, उघडायचं, वहीत लिहिलेली बटणं त्याच क्रमाने दाबायची, तिकीट बंद करायचं. चार वर्षांनी मुलाखतीत ‘हे का बिघडत होतं?’ असं विचारलं की गप्प. तेव्हा मुलीला एवढंच विचारा : बिघाडाचं मूळ शोधून तो पुन्हा होऊ नये म्हणून मांडणी बदलायचा अधिकार तुला आहे का? असेल तर हे इंजिनीअरिंग आहे, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो. नसेल तर वर्षभरात दुसरीकडे बघावं. काम मिळणार नाही ही भीती मात्र नको. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांना आपल्या संगणकांचे लॉग, म्हणजे कधी काय घडलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. एवढ्या ढिगाऱ्यातून सहा तासांत हवी ती ओळ काढून देणारं माणूस लागतंच.

एमसीएची सीईटी, गेट, एमपीएससी हे रस्ते आहेत तिथेच आहेत. तिला हवे तेव्हा ती त्यांवर वळेल.

आता मुलीशी. बाळा, तुझ्या बाजूने इतकं बोलले, आता तुलाही बोलते. संध्याकाळी डिस्क ९१ वर होती हे बघूनही तू जेवून झोपायची तयारी केलीस? ९० ची खूण ओलांडली होती. पावणेदोनच्या अलर्टची वाट बघायची गरजच नव्हती, जुने लॉग सहा वाजताच काढता आले असते. त्या रात्रीची अर्धी चूक कपाटाची, अर्धी तुझी. आणि तुझ्या वरिष्ठांची तर त्याहून मोठी : नुकत्या लागलेल्या मुलीने उत्तर दिलं नाही तर पुढचा फोन कुणाला जायचा, हे त्यांनी ठरवलेलंच नव्हतं? पहिला उचलत नाही तर पंधरा मिनिटांनी दुसऱ्याला, ही साधी सोय आहे. ती नसताना तुला बोलणी लावणं हे त्यांनी आपली चूक तुझ्यावर ढकलणं आहे. सोमवारी हे लेखी विचार. रात्रपाळीचा भत्ता आणि दुसऱ्या दिवशी उशिरा काम सुरू करण्याची मुभा आहे का, तेही विचार. घरात झोपमोड होते हा बाबांचा मुद्दा खोटा नाही, त्या आठवड्यात बाहेरच्या खोलीत झोप.

आणखी एक. एकदा तरी बॅकअपमधून सगळं परत उभं करून बघ, वेगळ्या सर्व्हरवर. किती वेळ लागतो ते वहीत लिहून ठेव. उभं करून न बघितलेल्या बॅकअपवर विसंबून गिटलॅबचं काय झालं ते वर वाचलंसच. आणि रिकाम्या वेळी काही करायचं असेल तर मराठीकडे बघ. इलास्टिकसर्चमध्ये हिंदी आणि बंगालीसाठी शब्दांची रूपं सोडवणारी तयार सोय आहे, मराठीसाठी नाही. ‘गोळी’ शोधलं तर ‘गोळ्यांचा’ सापडत नाही. घर, घरात, घराच्या, घरांमधून, एवढी रूपं करणारी आपली भाषा, आणि गावातला दुकानदार मराठीतच टंकतो. हे काम तू करून दाखवलंस तर कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलेल.

ताई, अबोला सोडवायला मी काही तोडगा देत नाही. रविवारी बाबा घरी असतील तेव्हा तिला लॅपटॉपवर गेल्या महिन्याचा डिस्कचा आलेख उघडायला सांगा आणि तुम्ही दोघं शेजारी बसा. तिला काही समजावून सांगू देऊ नका, त्यांनाच वाचू द्या. रेषा कुठल्या दिवशी चढायला लागली ते त्यांना बहुधा तिच्याआधी दिसेल.

कोर्सचा हप्ता भरू नका. तो कोर्स तिने मागितलेला नाही, तुमच्या पत्रात तसं एक अक्षरही नाही. आज भरलात तर वीस टक्के सवलत, असे फोन २४ तारखेपासून येतील. तेव्हा तुमचा स्वतःचा फोन खुशाल कपाटात ठेवा.