प्रश्न तुमचे, उत्तर ताईंचे

प्रश्न : पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. तीस वर्षांपासूनचे मित्र, त्यांची बायको आणि आम्ही दोघं, घरं विकून मोटारहोममध्येच, म्हणजे घरासारखी सोय असलेल्या गाडीत, राहायचं म्हणतोय. चौघांत एकच मोठी गाडी घ्यावी का?

उत्तर : नको. दोन घ्या, शेजारी लावा. आम्ही चौघं सहा वर्षं असेच फिरतोय. पहिला महिना एकाच गाडीत काढला आणि भांडण झालं ते मैल्याच्या (संडासाच्या) टाकीवरून! तिची झडप यांनी कायम उघडी ठेवलेली. पाणी वाहून गेलं, घट्ट मळ तळाशी बसला. (काढला कुणी, विचारू नका.) झडप बंदच ठेवा, टाकी भरत आली की सोडा. आधी मैल्याची, मग आंघोळी-भांड्यांच्या सांडपाण्याची. साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते.

गाडीवरचं वजनही बघा. 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो. जुनी गाडी घेताना टायरची नक्षी पाहून भुलू नका, कडेचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे टायर 2019च्या 23व्या आठवड्यात बनला.

घर मात्र लगेच विकू नका. आधी भाड्याच्या गाड्यांत दोन महिने काढा, त्यातही पावसाचे.