रामोजी फिल्म सिटीला नऊ जणांचं कुटुंब घेऊन जाताना जेवायचं कुठं?

तुम्ही विचारलं आहे की पांढरकवड्याकडून क्रूझर करून मे महिन्यात घरची नऊ माणसं हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी पाहायला निघालीत. त्यात उपवास धरणाऱ्या आजी आहेत, साखरेचा त्रास असलेले काका आहेत, चार लेकरं आहेत. मग जेवणासकटचं तिकीट घ्यावं, आत विकत खावं, की बाहेरून खाऊन जावं? माझं मत सांगतो: सकाळी आणि रात्री बाहेर पोटभर खा, दुपारी आत लवकर आणि हलकं खा. जेवणाची जागा चवीपेक्षा घड्याळावरून ठरवा.

कारण असं की हा परिसर सुमारे २००० एकरांचा आहे. विजयवाडा रस्त्यावरच्या मुख्य गेटवर गाडी लावावी लागते आणि तिथून त्यांचीच बस तुम्हाला आत बरंच लांब नेऊन सोडते. त्यामुळं मधेच बाहेर येऊन एखाद्या धाब्यावर जेवून परत जाऊ, हा विचार सोडून द्या. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पिशव्या गेटवर तपासतात. घरून केलेली शिदोरी दिवसभर गाडीत उन्हात राहिली तर संध्याकाळी फेकूनच द्यावी लागेल. काकांची औषधं, साखर उतरली तर लागणारं ग्लुकोज आणि बिस्किटं मात्र सोबत असायलाच हवीत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा आणि तपासणीच्या आधीच दाखवा. लपवून नेलं की वाद होतो, दाखवून विचारलं की बहुधा समजून घेतात.

शिदोरीची खरी जागा जातानाच्या रस्त्यावर आहे. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, पुढं निर्मल, आर्मूर, कामारेड्डी. दुधात मळलेल्या दशम्या, तिखट पुऱ्या, जवसाची कोरडी चटणी आणि लोणचं एवढं पुरे. ओला ठेचा, ओल्या खोबऱ्याची चटणी, रसाची भाजी मे महिन्यात नेऊ नका, दुपारपर्यंत आंबते. दशम्या पूर्ण गार झाल्यावरच सुती फडक्यात बांधा. गरम असताना डब्यात कोंबल्या तर वाफेचं पाणी सुटतं आणि त्याच पाण्यानं बुरशी धरते.

स्वतःची गाडी आहे तर मेडचलजवळ कंडलकोयाला आउटर रिंग रोड धरा आणि पेद्दा अंबरपेटला उतरा, म्हणजे शहरात शिरावंच लागत नाही. मुक्काम हयातनगर किंवा एल. बी. नगरच्या बाजूला करा. सकाळी साडेसातला तिथल्या कोणत्याही गर्दी असलेल्या टिफिन सेंटरवर इडली, उपमा, पेसरट्टू खा. पेसरट्टू हिरव्या मुगाचा असतो, काकांना तो साध्या डोशापेक्षा बरा. लेकरांना सकाळी पुरी आणि वडे देऊ नका. तेलकट पोटावर गरगर फिरणाऱ्या पाळण्यात बसलं की उलटी ठरलेलीच.

आता दुपार. स्टुडिओ दाखवणाऱ्या लाल बसगाड्या सकाळभर सुटत राहतात आणि माणसं एकच्या सुमारास एकदम जेवणाकडं वळतात. एक ते अडीच ही सगळ्यात वाईट वेळ: रांग लांब, टेबल मिळत नाही, लेकरं रडायला लागतात आणि मग जो दिसेल तो महागडा बर्गर घेतला जातो. म्हणून पावणेबाराला जेवा. सकाळी साडेसातला खाल्लेल्या माणसाला तेव्हा भूक लागतेच. बसफेरी जेवणानंतर करा, बसून फिरायचं असल्यानं ऊनही कमी लागतं आणि आजींना आरामही मिळतो. लेकरांना हमखास आवडणारा वाइल्ड वेस्ट स्टंट शो कोणत्या वेळी आहे, ते आत शिरताच फलकावर पाहून घ्या आणि जेवण त्याच्यामागे-पुढे बसवा.

गेटवरची बस आत जिथं सोडते त्या युरेका नावाच्या मुख्य चौकाच्या परिसरात चाणक्य, आलमपनाह, गनस्मोक अशी उपाहारगृहं आहेत. चाणक्य शाकाहारी आहे, आलमपनाहमध्ये मोगलाई, तर गनस्मोक बर्गर-फ्राईजच्या वळणाचं. तुमच्यासारख्या कुटुंबानं चाणक्य गाठावं. त्या दिवशी कोणतं सुरू आहे ते मात्र युरेकाला पोचल्यावर लगेच विचारा. एक माणूस वीस मिनिटं आधी पाठवून जागा धरा, नऊ जणं एकत्र उभं राहून जागा शोधणं हे काम नव्हे.

भात-डाळीचं जेवण घ्यायचं झालं तर पप्पू म्हणजे आपलं घट्ट वरणच, तुपासोबत लेकरंही खातात. तिखट लोणची आणि पोडी, म्हणजे कोरडी चटणी, बाजूला वाढायला सांगा. दहीभात मिळाला तर मे महिन्यातल्या दुपारी त्याच्यापेक्षा चांगलं काही नाही, फक्त तो गार आणि ताजा असावा. आंबूस वास आला की हात लावू नका. काकांना भात कमी करायचा असेल तर गव्हाचा पुलका मागा. तंदुरी रोटी बऱ्याच ठिकाणी मैद्याची असते. हिंदी सगळीकडं चालते, 'मिर्ची कम' एवढं सांगितलं तरी भागतं.

जेवणासकटचं तिकीट मी तुम्हाला सुचवणार नाही. बुफेचे पैसे सगळ्यांचे लागतात, पण लेकरं चार घास खाऊन उठतात आणि उपवासाच्या दिवशी आजींना त्यातलं जवळजवळ काहीच चालत नाही. सगळी मोठी, भरपूर खाणारी माणसं असती तर हिशोब वेगळा झाला असता. आधी दिनदर्शिका पाहा. एकादशी येत असेल तर दिवस बदला, कारण साबुदाण्याची उसळ किंवा भगर तिकडं सहज मिळत नाही. दिवस बदलणं शक्य नसेल तर राजगिऱ्याचे लाडू, खजूर, भाजलेले शेंगदाणे मुक्कामाच्या खोलीवर ठेवा, सकाळी पोटभर खाऊ घाला आणि आत केळी, दूध, नारळपाणी यांवर निभवा. मेच्या उन्हात निर्जळी मात्र आजींना धरू देऊ नका.

पाण्यात कंजुषी करू नका. लेकरू मलूल झालं, लघवी कमी झाली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजा. चमचा चहाचा घ्या. मीठ जास्त पडलं तर त्रास वाढतो, त्यामुळं तयार ओआरएसची पाकिटं नेणं जास्त सोपं. स्टॉलवर पॅकबंद बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त मागितले तर बिल मागा. उपाहारगृहात बसून जेवताना बिलात सेवा शुल्क लावलं असेल तर ते ऐच्छिक आहे, काढून टाका म्हणता येतं. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

रात्री बिर्याणी खायला सिकंदराबादपर्यंत जाऊ नका. दिवसभर चाललेली लेकरं गर्दीत अडकलेल्या गाडीतच झोपतात आणि दहा वाजता त्यांना उठवून कोणी जेवत नाही. एल. बी. नगरच्या बाजूलाच चांगली बिर्याणी मिळते. आधी दोन प्लेट मागवून पाहा, एका प्लेटमध्ये एक मोठा माणूस आणि एक लेकरू आरामात भागतं. आजी-काकांसाठी संध्याकाळी रस्त्याकडेला जोन्न रोट्टे करणाऱ्या बायका बसतात त्या शोधा. ज्वारीची भाकर आहे ती, समोर थापून तव्यावर भाजून देतात. भाकर तिथून आणि डाळ-भाजी शेजारच्या हॉटेलातून बांधून घ्या आणि खोलीवर बसून जेवा.