वाचकांचे प्रश्न: श्मिट ट्रिगरची गॅप वाढवायची कशी?

प्रश्न: दोन बीसी५४७ (एनपीएन ट्रान्झिस्टर) घेऊन श्मिट ट्रिगर (इनपुट चढताना वरच्या पॉइंटला आणि उतरताना खालच्या पॉइंटला पलटणारं सर्किट, दोन्हीतलं अंतर म्हणजे गॅप) केलाय, अंधार पडला की दिवा लागावा म्हणून. सप्लाय १२ व्होल्ट, पहिल्याच्या कलेक्टरला ४.७के (किलोओहम) रेझिस्टर, तिथून १०के दुसऱ्याच्या बेसला, त्या बेसपासून ग्राउंडला अजून १०के. दुसऱ्याच्या कलेक्टरला १के आणि दोन्ही एमिटर मिळून १के. दुसऱ्याच्या कलेक्टरवरून २.२के मधून बीसी५५७ (पीएनपी ट्रान्झिस्टर), त्यावर रिले (कॉइलमधल्या करंटने ओढला जाणारा स्विच). इनपुटला वर एलडीआर (उजेड पडला की ज्याचा रेझिस्टन्स कमी होतो तो), खाली प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर). दिवा लागला की त्याचाच उजेड एलडीआरवर पडतो आणि तो लगेच विझतो, परत लागतो. गॅप वाढवावी म्हणून एमिटरचा १के काढून ४.७के टाकला तर आता रिले नुसता कुरकुरतोय, नीट ओढतच नाही. काय चुकलं?

उत्तर: चूक अगदी साहजिक आहे हो. फीडबॅक (आउटपुटचा परिणाम परत इनपुटकडे येणं) एमिटरच्या रेझिस्टरमुळे मिळतो, म्हणजे तो मोठा केला की फीडबॅक जास्त आणि गॅपही जास्त, असंच कोणालाही वाटेल. होतं नेमकं उलटं.

आधी वरचा पॉइंट बघू. पहिला ट्रान्झिस्टर बंद असताना दुसऱ्याच्या बेसवर जो व्होल्टेज असतो, साधारण तिथपर्यंत इनपुट चढलं की सर्किट पलटतं. तुमचं डिव्हायडर (४.७के, १०के, १०के ओळीने) १२ ला १०के भागिले २४.७के म्हणजे ४.८६ व्होल्ट देतं, त्यातून बेस करंट जातो म्हणून प्रत्यक्षात ४.६ च्या आसपास (ट्रान्झिस्टर करंट शंभरपट करतो, म्हणजे गेन १००, असं धरून). इथे एमिटरच्या रेझिस्टरचा संबंध जवळजवळ येतच नाही.

खालच्या पॉइंटला मात्र पहिला चालू असतो आणि त्याचा करंट किती हे एमिटरचा रेझिस्टरच ठरवतो. हा करंट जितका जास्त तितका ४.७के वर ड्रॉप जास्त, मग दुसऱ्याचा बेस खूप खाली दाबलेला राहतो आणि त्याला परत उठायला इनपुटला बरंच खाली यावं लागतं. १के ला हिशोब २.१ व्होल्टचा येतो, म्हणजे गॅप अडीच व्होल्ट. ४.७के टाकल्यावर करंट घटला, खालचा पॉइंट ३.६ वर चढला, वरचा ४.८ पाशीच, म्हणजे गॅप राहिली जेमतेम १.२. शिवाय दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा करंटही ४ मिलीअँपवरून ०.९ वर आला, त्यातला बहुतेक कलेक्टरच्या १के मधूनच निघून जातो आणि बीसी५५७ च्या बेसला काही उरतच नाही, रिले कुरकुरतोय तो त्यामुळे. एकाच बदलात दोन दुखणी.

आता असं करा. एमिटरला परत १के लावा आणि दुसऱ्याच्या बेसपासून ग्राउंडला जाणारा १०के काढून १५के घाला. वरचा पॉइंट ५.७ ला जाईल आणि खालचा २.१ वरून फक्त २.२ ला, गॅप साडेतीन. म्हणजे वरचा पॉइंट हलवायचा असेल तर हा रेझिस्टर, खालचा हलवायचा असेल तर एमिटरचा, एवढं डोक्यात ठेवलं की सेटिंग पटकन होतं. तरी एकमेकांवर थोडा परिणाम होतोच, म्हणून आधी वरचा लावा, मग खालचा, मग वरचा परत एकदा तपासा. एमिटरला प्रीसेट लावणार असाल तर सिरीजमध्ये ४७० ओहम फिक्स असू द्या, नाहीतर प्रीसेट फिरवता फिरवता शून्यावर गेला की फीडबॅकच नाहीसा होईल.

मोजताना मीटर पहिल्याच्या बेसवर धरा आणि इनपुट अगदी हळू वाढवा, रिलेचा टक् आवाज आला तो आकडा लिहून घ्या, मग तसंच हळू खाली आणा. डिजिटल मीटरच घ्या, आणि आकडे माझ्यापेक्षा पॉइंट एक-दोनने इकडेतिकडे आले तर घाबरू नका.

आणि एलडीआरला काळी नळी लावाच. दिव्याच्या उजेडाने इनपुट चार व्होल्ट उडत असेल तर साडेतीनची गॅप काय करणार!

प्रश्न: श्मिट ट्रिगरच्या आउटपुटला बेस रेझिस्टर लावून साधा एनपीएन जोडला, तो कायम ऑनच राहतो. ट्रान्झिस्टर बदलून पाहिला, तेच.

उत्तर: ट्रान्झिस्टर बिचारा चांगलाच आहे. या सर्किटचं आउटपुट 'लो' झालं तरी शून्यावर येत नाही, खाली एमिटरचा व्होल्टेज असतोच. वरच्याच सर्किटमध्ये बीसी५५७ नसता तर लो म्हणजे आठेक व्होल्ट! एनपीएनला ०.६ पुरतात, तो बंद होणार कधी? वरच्यासारखा पीएनपी लावा, एमिटर प्लसला, आणि रिलेच्या कॉइलला उलटा १एन४००७ डायोड टाकायला विसरू नका. एनपीएनच हवा असेल तर त्याच्या बेसच्या वाटेत झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर गेल्यावरच उलटा करंट सोडणारा डायोड) घाला, पण लो आणि हाय दोन्ही आधी मोजा आणि मधलाच झेनर निवडा.