आईला शुगर आहे, गुडघा बदलायचाय. डॉक्टर अँटीबायोटिकवाल्या सिमेंटचे जास्तीचे पैसे सांगतात. द्यावेत का?

द्या. हे सिमेंट म्हणजे नवा सांधा हाडाला पक्का बसवायचा लगदा. शुगरच्या पेशंटला त्यात साधं घालून पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही. पण पैसे दिले म्हणजे इन्फेक्शनची काळजी मिटली, असं तुमच्या घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना हे वाचायला द्या. आमच्या घरात असे एक आहेत. माझे थोरले दीर, पुण्यात असतात.

सासूबाईंनी उभी हयात विड्या वळल्या, मांडीवर सूप घेऊन. साठीनंतर गुडघे गेले, उजवा जास्त. ऑपरेशन सोलापुरातच केलं, कारण डबा, ड्रेसिंग, व्यायाम हे सगळं करणारी मी इथं होते. भाऊजी म्हणत होते पुण्याला आणा. आणून बघणार कोण, ते काही बोलले नाहीत. ऑपरेशन छान झालं. पुढच्या गड्ड्याच्या जत्रेला त्या स्वतःच्या पायांनी सिद्धेश्वराला जाऊन आल्या.

मग उन्हाळ्यात टाचेला भेग पडली. अनवाणी फिरायची सवय, त्यात शुगरमुळं पायाला कळ जाणवत नाही. भेगेत पू झाला, त्यांनी हळद दाबली आणि गप्प बसल्या. काही दिवसांनी गुडघा गरम, टम्म सुजलेला, थंडी वाजून ताप. गल्लीतल्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि अँटीबायोटिकच्या गोळ्या दिल्या. सर्जन यावरच भडकले. आधी सुईनं गुडघ्यातलं पाणी काढून कल्चरला, म्हणजे कुठला जंतू आहे ते तपासायला, पाठवायचं असतं, गोळ्या पोटात गेल्या की जंतू रिपोर्टमध्ये सापडत नाही. नशिबानं सापडला, स्टॅफिलोकोकस. बसवलेला सांधा काढला, त्या जागी व्हँकोमायसिन हे अँटीबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा (स्पेसर), सहा आठवडे शिरेतून औषध, मग पुन्हा नवीन सांधा. खर्च विचारू नका.

भाऊजींचा फोन आला, "सोलापुरात स्वस्तातलं सिमेंट घातलं असणार." मी पहिल्या ऑपरेशनची फाईल काढली. सांध्याच्या स्टिकरांखाली सिमेंटच्या पाकिटाचं स्टिकर चिकटवलेलं होतं, त्यावर लॉट नंबर आणि स्वच्छ अक्षरांत जेंटामायसिन, म्हणजे अँटीबायोटिकचं नाव. फोटो काढून पाठवला. निळी टिक आली, उत्तर नाही. लग्नाकार्यात मात्र अजून तेच सांगतात.

सिमेंटमधलं औषध बहुतेक पहिल्या काही दिवसांतच पाझरतं. नंतर अगदी थोडं, बाकीचं आतच अडकून राहतं. म्हणजे ऑपरेशनच्या वेळी शिरलेल्या जंतूंवर त्याचा उपयोग. वर्षानं टाचेतून, दाढेतून किंवा लघवीच्या इन्फेक्शनमधून रक्तावाटे येणाऱ्या जंतूला ते अडवत नाही, मग सिमेंट पुण्याचं असो की लंडनचं. ही काही नवी गोष्टही नाही. जर्मनीत हॅम्बुर्गच्या बुखहोल्त्स या सर्जननी सिमेंटमध्ये जेंटामायसिन घालण्याबद्दल 1970 मध्येच लिहिलं होतं. सिमेंट घट्ट होताना तापतं आणि हे औषध ती उष्णता सोसतं, म्हणून ते निवडलं. नॉर्वे-स्वीडनमध्ये सरसकट वापरतात, अमेरिकेत पहिल्याच ऑपरेशनला प्रत्येकाला द्यावं का यावर डॉक्टरांचं एकमत नाही.

तेव्हा सिमेंटवर घासाघीस करण्यापेक्षा एचबीएवनसी बघा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी. आठच्या वर असेल तर बरेच सर्जन थांबायलाच सांगतात. किडकी दाढ आधी काढून घ्या. चीर देण्याआधी तासाभरात शिरेतून अँटीबायोटिक देणार ना, ते विचारा.

पुण्याला न्यायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही. तरी सांगते, नंतर आईच्या टाचा रोज बघणारं माणूस जिथं राहतं तिथंच करा.

हां, मी डॉक्टर नाही. किडनीचा त्रास असेल किंवा जेंटामायसिनची ॲलर्जी कधी आली असेल तर सर्जनना आधी सांगा. आणि औषध कंपनीनंच मिसळलेलं पाकीट आहे ना, तेही विचारा. प्रमाणाबाहेर औषध पडलं तर सिमेंट कमजोर होतं.