पाच तासांच्या झोपेची सवय होते का?

आठवडाभर पाच तास झोप, रविवारी दहा तास, आणि "आता अंगवळणी पडलंय, त्रास काहीच नाही"; मग हे चालेल ना, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या प्रश्नातली गोम या शेवटच्या वाक्यात आहे. अंगवळणी पडतं ते फक्त पेंगुळलेपण. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 14 दिवस रोज सहाच तास झोपू दिलेल्यांचं लक्ष दिवसेंदिवस ढळत गेलं आणि शेवटी अख्खी रात्र जागलेल्यांच्या पातळीला आलं. त्यांना स्वतःला मात्र जेमतेम थोडी झोप येतेय असंच वाटत होतं. तेव्हा 'मला बरं वाटतंय' हा पुरावा धरू नका.

आतली पडझड तर जाणवतही नाही. झोपेत रक्तदाब साधारण 10 ते 20 टक्के उतरतो. ती विश्रांती तुम्ही रोज कापताय. काही रात्री चारच तास झोपवलं तर धडधाकट तरुणांमध्येही इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन उतरतं. रात्री उशिरा गोड खावंसं वाटतं ते यामुळेही. उगाच मनोनिग्रहाला दोष देऊ नका.

शिवाय कात्री सगळीकडे सारखी लागत नाही. गाढ झोप बहुतांशी रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात उरकते, स्वप्नांची (आरईएम) झोप पहाटेकडे जास्त. गजर लावून तोडता ती मुख्यतः ही दुसरी.

रविवारच्या दहा तासांनी पेंग उतरते, पण शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं. मग रात्री डोळा लागत नाही आणि सोमवार पुन्हा तुटका. त्यापेक्षा उठण्याची वेळ सातही दिवस एकच ठेवा, सुट्टीला फार तर तासभर सूट. झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे आणा, सात तास भरेपर्यंत. दुपारची डुलकी तीनच्या आत, 20 मिनिटांची. लांबली तर गाढ झोपेतून उठून डोकं जड होतं. चार वाजता प्यायलेल्या कॉफीतलं जवळपास निम्मं कॅफिन रात्री नऊलाही रक्तात असतं, हेही हिशेबात धरा.

सलग 17 तास जागून गाडी चालवणं हे रक्तात 0.05 टक्के मद्य असताना चालवण्यासारखंच. इथे 'सवय आहे' म्हणणारे जास्त धोक्यात.

मात्र वेळेवर पडूनही आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोप लागत नसेल, तर तो निद्रानाश. तिथे लवकर आडवं होणं उलट बाधतं. गोळ्यांआधी निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराबद्दल डॉक्टरांना विचारा. घोरताना श्वास अडकतो असं घरच्यांनी सांगितलं, तर आधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास वगैरे मोजणारी तपासणी.